रतनचा धवला आणि माझा कॉम्प्युटर

२ मे, सकाळी
भाविकाची हळद अठरा तारखेला. पोरीची एकच मागणी: आईने कॉम्प्युटरवर म्हटलेला धवला, म्हणजे लग्नाचं गाणं, हळदीला लावायचा. माझी बायको रतन नावाजलेली धवलारीण. रेवसपर्यंत तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. तिला जाऊन सहा वर्षं झाली. २००१ साली मी रेकॉर्डिंग केलं, तेवढाच तिचा आवाज शिल्लक. काम सोपं. बटण दाबायचं.

भाविका म्हणते कॉम्प्युटर आधी अलिबागला दाखवू. म्हटलं, हा नव्याण्णव सालचा पीस आहे, तुमच्यासारखं प्लास्टिक नव्हे. गेल्या सोळा वर्षांत एकदा बिघडलेला नाही. चालूही केलेला नाही, पण तो मुद्दा वेगळा.

३ मे
शनिवार. लोखंडाचं काम शनिवारी काढू नये.

५ मे
बटण दाबलं. व्होल्टेज कमी असणार.

६ मे
व्होल्टेज बरोबर आहे. मशीन विश्रांती घेत असावं.

८ मे
भाविकाने परस्पर सुजितला बोलावलं. अलिबागचा रिपेअरवाला. डबा उघडून आत बोट फिरवलं, वास घेतला. मग विचारलं, "काका, आत तेल कोणी घातलं?"

मीच. खाऱ्या हवेत पावसाळ्याआधी कोयत्या-विळ्यांना तेल लावतो, तसं यालाही लावत आलो. खोबरेल. गंज अजिबात नाही, हे त्यानेही मान्य केलं. बाकीही काही उरलेलं नाही म्हणाला. हार्ड डिस्क घेऊन गेला.

११ मे
भाविका बोलत नाही. रतनचा आवाज आठवून पाहिला. भाकरी थापल्याचा आवाज आठवतो, तिचा येत नाही. वाईट वाटायला हवं होतं. पंखा लावून पडलो.

१५ मे
सुजितचा फोन. डिस्क ठणठणीत! फाईल मिळाली. मी काय सांगत होतो? भाविका हसली. मांडववाल्याला मोठे स्पीकर सांगितले.

१७ मे
सुजितने आणून लावलं. आवाज एकदम स्वच्छ. माझा. "हॅलो, हॅलो. रतन, थांब जरा, आधी मशीनची माहिती देतो." मग चौसष्ट एमबी रॅम. मग दुकानदाराला भावात कसा खाली आणला ते. शेवटी बांगड्या वाजतात, रतन खाकरते. संपलं.

सुजित म्हणाला, तेव्हा रेकॉर्डिंग साठ सेकंदांनी आपोआप थांबायचं. मला काय ठाऊक? ती पुढे अर्धा तास गात होती. मी सेव्ह केलं, लावून कधी पाहिलं नाही.

मशीनची काही चूक नाही.

भाविका एवढंच बोलली, "बाबा, आईला थांब कशाला बोललात?"

१८ मे
हळद लागली. पेणची धवलारीण आणली, लोक बरी म्हणाले. भाविकाने शेवटचे दोन सेकंद कापून मोबाईलमध्ये घेतलेत. हळदीच्या हाताने फोन माझ्या कानाला लावला. रतन खाकरली. आता सुरू करेल म्हणून मी फोन तसाच धरून बसलो.