आत्याची नक्कल

नुकुआलोफा,
४ मे १९८७

चि. फाने हीस अ. उ. आ.

बुधवारच्या बोटीने पाठवलेला साबण आणि बाबांचा दुरुस्त केलेला चष्मा मिळाला असेल. काच पुसायला थुंकी लावू नका म्हणावं. माझी शाळा ठीक चालली आहे.

आता खरी बातमी. इथल्या रेडिओवर दर गुरुवारी एखादी शिक्षिका घरची गोष्ट सांगते. या गुरुवारी पाळी माझी होती आणि मी आत्याची आणि तिच्या कप्तानाची गोष्ट सांगितली. गेल्या नाताळात हे घडलं तेव्हा तू सहलीला गेली होतीस, म्हणून कशी सांगितली ते ऐक. पाद्री पाहुण्यांच्या जेवणासाठी आत्याकडे तिचा मोठा डुक्कर कप्तान मागायला आले. आत्याने आधीच कप्तानाला न्हाणीघरात कोंडलं होतं. तोंड पाडून म्हणाली, काय सांगू, गेल्या आठवड्यात तापाने गेला बिचारा. तेवढ्यात आतून घुर्रर्र! आत्याने लगेच स्तोत्र सुरू केलं. कप्तान घुरघुरला की आत्याचा सूर वर. पाद्री इतके सज्जन, की टोपी काढून तेही खालच्या पट्टीत गाऊ लागले. सातही कडवी झाली, बाई!

मी आत्याचा आवाजही काढला. तिचा पुढचा दात पडल्यापासून बोलताना शीळ वाजते ना, ती हुबेहूब वाजवली. निवेदकाला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी बसवाल्याने माझ्याकडून भाडं घेतलं नाही. आत्या काय म्हणाली ते लगेच कळव. हसून हसून लोळली असेल.

घरच्यांची आठवण काढत बसलेली,
तुझी लोसाताई

हाआपाई,
१३ मे १९८७

ती. ताईस सा. न. वि. वि.

चष्मा मिळाला. साबणही मिळाला. आत्या लोळली नाही.

गुरुवारी तिच्या पडवीत आम्ही बारा जणी सालीचं कापड कुटत होतो. रेडिओवर तुझा आवाज आला तशी आत्या मोगरी टाकून धावली. सगळ्यांना म्हणाली, गप्प बसा गं, आमची लोसा बोलतेय, आणि स्वतःच्या हाताने आवाज मोठा केला. सुरुवातीला ती सगळ्यांत जास्त हसली, ताई. मग तू शीळ वाजवलीस. बायका इतक्या हसल्या की मोगऱ्या थांबल्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू? आत्याने तोंडावर हात ठेवला. तसाच ठेवून परत जागेवर येऊन बसली आणि दुसऱ्या हाताने एकटीच कुटत राहिली. कापड फाटलं तरी थांबली नाही.

रविवारी चर्चमध्ये ती गायकांच्या पुढे उभी राहिलीच नाही. मागच्या बाकावर ओठ मिटून बसली. तिच्याशिवाय सुरू केलेलं गाणं दुसऱ्या ओळीतच चार वाटांनी गेलं. पाद्री तिच्याकडे बघत होते आणि ती जमिनीकडे. डुक्कर मेल्याचं खोटं गावभर झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे तिच्या कुंपणाजवळून जाताना पोरं शीळ घालतात.

बाबा शेजाऱ्यांकडे नीरफणसाखाली बसले होते. त्यांनी तिथे ऐकलं. बापाच्या बहिणीपुढे आपण ताठ उभंही राहत नाही आणि तू तिला अख्ख्या टोंगापुढे नाचवलंस, एवढंच म्हणाले आणि जेवण तसंच टाकून उठले. भावाबहिणीने एकत्र बसून हसायचं नाही, थट्टा ऐकायची नाही, हा नेम दोघांनी लहानपणापासून पाळला. आता तर एकमेकांसमोर यायचीही त्यांना चोरी झाली आहे. बाबा पहाटे तिच्या दारात कोनफळं ठेवून येतात. ती संध्याकाळपर्यंत तिथेच असतात.

तू काय करायचं ते तू ठरव. मला फार लाज वाटते आहे, त्यातली थोडी माझ्या हसण्याचीही.

धाकटी,
फाने

नुकुआलोफा,
२० मे १९८७

ती. आत्याबाईंना कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र पाचव्यांदा लिहिते आहे. आधीच्या चारांत मी कारणं दिली होती. ती चुलीत गेली.

तुमचं नाव मी घेतलं नव्हतं, असं एका पत्रात लिहिलं होतं. पण कप्तान नावाचा डुक्कर आपल्या बेटांवर एकच आहे. लोक प्रेमानेच हसले, असंही लिहिलं होतं. पण मी प्रेमाने तो आवाज काढला नव्हता. तीन दिवस आरशासमोर दातांत काडी धरून मी तुमची शीळ बसवली. त्याशिवाय गोष्ट रंगणार नाही, हे कळत होतं, आणि मला रंगवायची होती. गोष्टी सांगायला मी तुमच्याच चटईवर शिकले. घरातल्या प्रत्येकाची खोडी तुम्ही सांगायचात आणि आम्ही पोट धरून हसायचो. तेच मी केलं असं मला वाटलं होतं. आता शाळेत मुलं हसली की मी फळ्याकडे तोंड करते. बसवाला अजून भाडं घेत नाही, म्हणून मी पायी जाते.

मला क्षमा करा. रागावून का होईना, दोन ओळी लिहा.

तुमच्या मायेला मुकू नये एवढीच इच्छा असलेली,
लोसालिने

हाआपाई,
१ जून १९८७

चि. लोसालिने हीस,

पत्र मिळालं. अक्षर चांगलं आहे.

मी घरातल्या सगळ्यांची थट्टा केली, खरं आहे. पण ज्याची गोष्ट तो समोर बसलेला असायचा. त्याला मध्येच ओरडता यायचं, की आत्या खोटं बोलते. तू मला ओरडायला जागा कुठे ठेवलीस? मी त्या पेटीवर ओरडू?

कागदाला गुडघे नसतात.

मेलेनाइते

नुकुआलोफा,
२२ जून १९८७

ती. आत्याबाईंना कृ. सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचले. बोट फार हलली. तुम्ही दिलेलं अळूच्या पानातलं मटण मी किनारा दिसेनासा व्हायच्या आत संपवलं.

शनिवारी तुमच्या अंगणात हे सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहिते. कंबरेला फाटकी चटई गुंडाळून, गळ्यात इफीच्या झाडाच्या पानांची माळ घालून क्षमा मागायला बसतात, हे मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. आपण कधी तसं बसू असं वाटलं नव्हतं. मान खाली होती, त्यामुळे मला फक्त पाय दिसत होते. बायकांचे पाय आले, पोरांचे आले. एकाने शीळ घातली आणि कुणीतरी त्याला फटका दिला. आत तुमची मोगरी चाललेलीच होती. ऊन डोक्यावर आलं. मला वाटलं, तुम्ही येणार नाही आणि तेच योग्य आहे.

मग तुमचे पाय आले. गळ्यातली पानं तुम्ही काढलीत तेव्हा मी रडले, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्यानंतर तुम्ही म्हणालात, आता तीच गोष्ट सांग, इथे, माझ्यासमोर. आत्याबाई, उन्हात बसणं त्यापुढे काहीच नव्हतं. मी कशीबशी गोष्टीतल्या न्हाणीघरापर्यंत आले. कुणी हसेना. मलाच ती गोष्ट किती लहान वाटली. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, खोटं! कप्तान ताप येऊन नाही, नारळ डोक्यात पडून मेला असं सांगितलं होतं मी! आणि पुढचं सगळं तुम्हीच सांगितलंत, शीळ वाजवत, तोंडावर हात न ठेवता. बायका डोळे पुसत होत्या. मीही हसले आणि त्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही माझ्यासाठी ते केलंत हे मला कळत होतं.

रेडिओवाल्यांनी पुन्हा बोलावलं होतं. मी नको म्हणून आले.

पायांवर डोकं ठेवून,
लोसालिने

हाआपाई,
५ जुलै १९८७

चि. लोसालिने हीस अनेक आशीर्वाद.

तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. पोरांची शीळ बंद करायला तोच उपाय होता. आपणच वाजवली की त्यांची मजा जाते. गायकांपुढे पुन्हा उभी राहते आहे. मी नव्हते तेवढ्यात खालच्या पट्टीवाले फार शेफारले.

तू गेल्यावर काय झालं ते तुला ठाऊक नाही. तू उन्हात बसलीस तेव्हा मी आतून बघत होते. मनात आलं, हिने एक लाजिरवाणी गोष्ट केली आणि ही इथे येऊन बसली. मी तर पाद्र्यांशी खोटं बोलले आणि वर स्तोत्र गायले. सोमवारी कप्तानाच्या पायाला दोर बांधून मी त्यांच्या दारात गेले. सगळं कबूल केलं. पाद्र्यांनी कप्तानाला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाले, बाई, घुरघुर मी तेव्हाच ऐकली होती, पण ती डुकराची वाटली नाही.

त्यांना वाटलं होतं, माझा भाऊ दारू पिऊन न्हाणीघरात पडला आहे आणि बहीण त्याची अब्रू झाकायला गाते आहे. म्हणून दया येऊन तेही गायले. तुझ्या रेडिओनंतरही त्यांना वाटे, मी भावाला वाचवायला डुकराची गोष्ट रचून तुझ्या तोंडी दिली. सहा महिने ते तुझ्या बापासाठी रोज प्रार्थना करत होते, लोसा! तुझ्या बापाने आयुष्यात दारूचा वास घेतलेला नाही.

डुक्कर त्यांनी ठेवून घेतला. रविवारी पाहुण्यांना वाढला. मी दोन घास खाल्ले. चांगला होता.

पण मला झोप येईना. आपल्याकडे बहीण वर आणि भाऊ खाली. बहिणीने भावाची क्षमा मागितल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. कशी मागायची हेही कुणाला ठाऊक नाही. शेवटी तुझ्या बापाला निरोप धाडला. तो आला आणि रीतीप्रमाणे बाहेर बसला. मी आत, मधे कुडाची भिंत. म्हटलं, माझ्या खोटेपणामुळे सहा महिने तू दारुड्या ठरलास. माझी चूक झाली. तुला उन्हात काय झालं असेल ते तेव्हा कळलं.

बाहेर तो खोकला. मग हळूच म्हणाला, म्हणून पाद्री तो गुंगी आणणारा मुळांचा कावा पिताना माझी वाटी अर्धीच भरायला लावतात होय? आणि प्रार्थना संपली की खांदा दाबून म्हणतात, धीर धर, सुटेल. मला वाटायचं, माझ्या खोकल्याबद्दल बोलतात. मी दर वेळी म्हणत होतो, हो, रात्री फार त्रास होतो.

पुढे आवाज आला तो मला रडण्याचा वाटला. मग कळलं, तो हसतो आहे. दाबून दाबून, आणि दाबलं की जास्त. तो सहा वर्षांचा असेल, मी आठची, तेव्हा शेवटचं ऐकलं होतं. तुम्ही पोरं सगळी त्या हसण्यात वाढलात. मला ते आठवतही नव्हतं.

बहिणीने भावाचं तसं हसणं ऐकत बसू नये. उठून जायला हवं होतं. मला फार लाज वाटली. तरी मी चटईचं टोक तोंडात कोंबून, भिंतीला कान लावून, तो थांबेपर्यंत तिथेच बसून राहिले.

तुझ्यावर रागावले तेव्हाही जिचा जीव तुझ्यातच होता ती,
तुझी आत्या
मेलेनाइते