परतीचं पाणी

१० नोव्हेंबर २०२४
आजपासून वाघोलीच्या या सोसायटीत पाण्याचं काम. नोकरीबरोबर तळमजल्यावरची खोलीही मिळाली. गरम पाण्याचा पाइप तिच्या चारही भिंतींवरून फिरवलेला आहे, त्यामुळे हिवाळ्याची चिंता नाही. लगेच आईला फोन केला. मामीचे टोमणे ऐकत राहण्यापेक्षा पुढच्या महिन्यात इकडेच ये म्हणालो. तिने आधी विचारलं, दाराला आतून कडी आहे का.

काम शिकवणारे दिगंबरकाका कसबा पेठेतले. भर उन्हात स्वेटर आणि कानटोपी. माझ्यासाठी मंडईतून पेरू आणले होते. म्हणाले, खा, अंगात ऊब पाहिजे.

१३ नोव्हेंबर
काम नीट समजलं. गच्चीवरच्या हीटरमधून पाणी चार उभ्या लाईनींनी खाली जातं आणि न वापरलेलं परत वर येतं. परतीच्या प्रत्येक पाइपवर एक व्हॉल्व्ह आहे. सगळे पूर्ण उघडे ठेवले, तर पाणी जवळच्या लाईनीतूनच फिरून येतं आणि लांबच्या घरांना गार पाण्याने आंघोळ करावी लागते. म्हणून जवळचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा, लांबचा सैल सोडायचा. किंचित फिरवायचा, थांबायचं, पाइपला हात लावून बघायचं, मग पुन्हा. काका म्हणाले, पाणी म्हणजे सरकारी नोकर, सोपं असेल तेवढंच करणार.

चौथी लाईन फक्त माझ्या खोलीतून जाते. तिचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा. तो त्यांनी माझ्याकडूनच उघडून घेतला. खोली तुझी, तूच उघड, म्हणाले.

१९ नोव्हेंबर
सेक्रेटरी अस्मिता मॅडमनी कौतुक केलं. घरोघरी पाणी कढत येतंय, या वेळी माणूस चांगला मिळाला, म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र पटत नाही. माझ्या लाईनीत जाणारं पाणी कोमट लागतं आणि परतीचं कढत. हे उलटं आहे. पुन्हा तपासलं, तरी तेच. काकांना विचारलं, तर म्हणाले, वाटेत चहा घेत असेल. त्यांनी हल्ली स्वेटर घालणं सोडलं आहे.

२६ नोव्हेंबर
फार थंडी वाजते. खोलीतल्या पाइपला हात लावला तर चटका बसतो, पण अंगाला ऊब लागत नाही. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, आकडा बघितला आणि दुसरा मागवला. मग तोही झटकून ठेवला. इतका कमी आकडा येतच नाही, दोन्ही बिघडलेत म्हणाले. काका रोज रात्रीचा डबा आणतात आणि मी संपवेपर्यंत समोर बसतात. वडील गेल्यापासून असं कुणी बसलं नव्हतं.

३० नोव्हेंबर
हीटरचं झाकण उघडून पाहिलं. आत पारव्याचं घरटं. तारा तुटलेल्या, गंजलेल्या. हा हीटर कित्येक वर्षांत चालू झालेला नाही.

मग पाणी कशाने तापतं? ते खोलीत गार जातं आणि गरम होऊन येतं. खोलीत तर मीच —

१ डिसेंबर
सकाळी माझ्या लाईनीचा व्हॉल्व्ह बंद केला. दुपारी बोटांत जीव आला. संध्याकाळी सगळ्या घरांतून तक्रारी, पाणी बर्फासारखं.

मॅडम गच्चीवर आल्या. चिडल्या नाहीत. अहो, तुम्हाला इथे काही कमी आहे का, एवढंच विचारलं. त्यांच्यासमोर काकांनी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि त्याचं चाक काढून खिशात टाकलं. मॅडमनी नजर वळवली. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

मी काकांना म्हणालो, तुम्हाला बापाच्या जागी मानलं होतं. ते म्हणाले, मीही मानलं होतं एकाला. याच खोलीत.

४ डिसेंबर
पळालो. फाटकापर्यंतच. पाय गारठून दुमडले. काकांनी उचलून आणलं, पांघरूण घातलं, डोक्यावरून हात फिरवला. अगदी मायेने —
तेच सहन होत नाही.

८ डिसेंबर
पाणी पुरेसं तापत नाही. माझ्यात आता फार उरलेलं नाही.
काका म्हणाले, केली आहे सोय. माझ्याच फोनवरून आईशी बोलले. वहिनी, पोराला बरं नाही, लगेच या, खोली छान उबदार आहे.
मी ओरडायला गेलो. दातखीळ बसलेली. आवाज निघालाच नाही —

९ डिसेंबर
आई आली. किती गार पडलायस, म्हणाली. भिंतीला लागून अंथरूण घातलं. मी मान हलवत राहिलो. तिला वाटलं, आजारपणाची ग्लानी.

मोठ्या अक्षरांत लिहिलं — आई, इथे निजू नकोस. आत्ता निघ.

तिला वाचता येत नाही. तिने वही काकांना दिली. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं — आई, तू आलीस, आता मी बरा होईन, इथेच राहा. अक्षर सुरेख आहे हो पोराचं, म्हणाले.

ती हसली. वही माझ्या हातात परत दिली.

आता माझे पाय मांडीवर घेऊन चोळते आहे. मला जरा बरं वाटतंय. नको — तिची बोटं गार —