काटा हिरव्यात

सोलापूर,
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

प्रिय सुकन्याताई,

सप्रेम नमस्कार. सिद्धांतदाजींना जयभीम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. संस्कृती मोठ्या गटात गेली, रोज डबा अर्धा परत आणते आणि वर मलाच सांगते की शेंगाचटणी तिखट होती. तुमच्या भावाचं वजन वाढलंय आणि ते त्यांना मान्य नाही. अकलूजला तुमच्याकडे सगळं ठीक असेल. दाजींच्या कारखान्याचा हंगाम आता तोंडावर आला असेल, म्हणजे ते पुन्हा रात्रपाळीचे झाले.

फोन हातात असताना हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर माझ्या तोंडून 'आई' हा शब्द निघाला की तुमच्याकडे कुकरची शिट्टी होते. नाहीतर दूध उतू जातं, नाहीतर दारात कुणीतरी येतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून हेच ऐकतेय. पत्राला शिट्टी होत नाही, म्हणून पत्र. शिवाय हे मला बोलून नीट सांगता आलंही नसतं.

बातमी अशी की मागच्या आठवड्यात गाडीला थोडं झालं. काळजीचं काही नाही. गाडी गॅरेजला आहे, पुढचा भाग बदलावा लागणार आहे. तुमच्या भावाने हौसेने बसवलेला तो रेल्वेसारखा वाजणारा हॉर्न आता कायमचा गप्प झाला, एवढा एक फायदा.

'थोडं झालं' असं लिहून मी उठले, चहा करून प्याले आणि परत बसले. ते खोटं आहे, ताई. गाडी पेटली होती. आणि गाडीत आम्ही होतो.

जेऊरला चुलत्यांकडे गेलो होतो. हे कांद्याच्या लागणीसाठी मागे राहिले आणि मी, आई आणि संस्कृती दुपारी परत निघालो. गाडी मी चालवत होते. टेंभुर्णीला उसाचा रस प्यायलो, सगळं मजेत चाललं होतं. मोहोळच्या अलीकडे वायर जळाल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग बॉनेटच्या फटीतून धूर आला. गाडी बाजूला घेऊन चावी फिरवून बंद केली, तोवर फटीतून लाल जीभ बाहेर आली होती. त्या हॉर्नचीच वायर घासून उघडी पडली होती, हे आम्हाला नंतर गॅरेजवाल्याने सांगितलं.

आग मी रोज बघते. गॅसवर बघते, देवापुढे बघते. ती आपल्या ऐकण्यातली आग. ही कुणाच्या ऐकण्यातली नव्हती. भर उन्हात, जिथे दिवा लावला तर दिसणारही नाही, तिथे ती सूर्यापेक्षा ठळक दिसत होती. आणि तिला आवाज होता. मोठं कापड कुणी सावकाश फाडत बसावं तसा. मी शाळेत मुलांना ज्वलन शिकवते, ताई, फळ्यावर ज्योतीची आकृती काढून भाग करून दाखवते. त्या दिवशी मला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. भीती नंतर आली, आधी नुसतं हे एवढं मोठं काय आहे असं झालं.

मला भानावर आणलं संस्कृतीने. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "मम्मी, पट्टा निघंना."

मी मागचं दार उघडलं. पट्ट्याचं बक्कल दाबते तर दबत नाही. कन्यारत्नाने अर्धी चोखलेली लिमलेटची गोळी त्यात कोंबून ठेवली होती, ती विरघळून आत घट्ट बसलेली. मी अंगठा मोडेल इतकं दाबत होते. धूर आता आत यायला लागला होता. माझे दोन्ही हात पोरीत गुंतलेले, आणि आई कुठे आहेत हे बघायलाही मला मान वळवता येत नव्हती.

आई पुढच्या सीटखाली वाकल्या होत्या. दाजींची लाल बाटली काढायला.

ती बाटली तुम्हाला आठवत असेलच. आम्ही गाडी घेतली तेव्हा दाजी ती घेऊन आले होते. लोक नव्या गाडीला नारळ आणतात, हार आणतात, दाजींनी आग विझवायचं यंत्र आणलं. तुम्ही कोपऱ्यावर रिक्षातच बसून राहिला होतात. दाजी फाटकात उभे राहून आम्हा दोघांना समजावून सांगत होते आणि आई आतून ओरडल्या होत्या, "त्यांच्याकडचं काय बी घरात न्हाय आणायचं." बाटली दाजींनी स्वतः वाकून सीटखाली पट्ट्यात अडकवून दिली, डिकीत ठेवू नका, हाताशी हवी, एवढं म्हणाले, आणि पाणीही न पिता गेले. त्या दिवशी मला आईंचा राग आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही, हेही लिहूनच टाकते.

तर आईंनी बाटली काढली आणि त्या खाली उतरल्या. पण पिन निघेना. कशी निघेल? दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा झाली की आई सीटखाली वाकून बाटलीलाही हळदकुंकू लावायच्या आणि लाल-पिवळा धागा बांधायच्या. बांधलेला धागा काढायचा नसतो, म्हणून जुन्यावर नवा. सगळ्या गाठी नेमक्या त्या पिनेच्या कडीवर बसलेल्या, हळदीने पार कडक झालेल्या. मी कोयत्याला आणि शिवणयंत्राला लावतात तसं समजून कधी बोलले नाही. देवाचं म्हणून बांधलेलंच आड आलं.

मी मागून ओरडले, "आई, राहू द्या ते, लांब पळा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बाटली छातीशी धरून धाग्याला दात लावले. त्यांच्या तोंडात दात किती उरलेत तुम्हाला माहीत आहे, भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खातात. त्या दातांनी त्यांनी सगळ्या दसऱ्यांच्या गाठी तोडल्या. थुंकल्या, पिन ओढली, आणि आगीकडे चालत गेल्या.

चालत, ताई. पळत नाही. आधी थांबून पदर कुठे उडतोय ते बघितलं आणि वाऱ्याकडे पाठ केली. रस्त्यावरचा एक ट्रकवाला धावत आला आणि बॉनेट उचलायला हात घालणार, तर त्याच्यावर खेकसल्या, "झाकण उगडू नगंस. वारं लागलं की भडकंल." आणि खाली वाकून फटीतून, जिथून आग निघत होती तिथे बुडालाच, फवारा मारला. सगळीकडे पांढरी भुकटी झाली. मला आई दिसेनात, गाडीचं तोंड दिसेना. त्या पांढऱ्यात एक हिरवं नऊवारी तेवढं हलत होतं. मी संस्कृतीला पट्ट्याखालून साबणाच्या वडीसारखी ओढून काढली, कडेवर घेतली आणि लांब पळाले. तिच्या पायातली एक चप्पल आतच राहिली.

वळून बघितलं तर आग नव्हती. नुसता धूर होता, आणि त्याच्यासमोर आई रिकामी बाटली रोखून उभ्या होत्या. केस, भुवया, लुगडं, सगळं पांढरं. मोटारसायकलवाली दोन पोरं मोबाईल काढून शूटिंग करत होती, त्यांनीसुद्धा मोबाईल खाली घेतले. मी आयुष्यात कुणापुढे अशी दबले नाही, ताई. ज्या बाईशी मी रोज मिठावरून भांडते, ती ही नव्हती. किंवा हीच होती आणि मला दिसली नव्हती.

मी म्हटलं, "आई, मागं या. विझली."

"इझली तरी पाठ फिरवायची न्हाय. परत धरती."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्या गाडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "जावई म्हनले हुते. तुला सांगत हुते की, फाटकात. तू कुटं ऐकत हुतीस?"

'जावई' हा शब्द या घरात मी पहिल्यांदा ऐकला. आजवर तुमच्या नवऱ्याला आई 'तिकडचा' म्हणत आल्या, तोही नाइलाज झाला तर. त्या दिवशी आतून ओरडून झाल्यावर त्या दाराआड उभ्या राहिल्या होत्या, आणि दाजींचा शब्दन् शब्द त्यांनी ऐकून ठेवला होता. आणखी एक सांगते. गाडी बाहेर काढली की आई मला विचारायच्या, "काटा बगितलास का?" मी पेट्रोलचा समजून म्हणायचे, "फुल आहे, आई." त्या म्हणायच्या, "हिरव्यात हाय न्हवं?" मला वाटायचं, म्हातारीला पेट्रोलच्या काट्यातलं काय कळतंय. त्या बाटलीवरच्या दाबाच्या काट्याचं विचारत होत्या, हिरव्यात म्हणजे भरलेली, लालात म्हणजे रिकामी. मी कधी बघतच नव्हते. त्याच वाकून बघत होत्या.

आता जे लिहायचं टाळत होते ते. आईंचा उजवा हात मनगटापर्यंत भाजलाय. ओठही धाग्याने फाटला होता, तो बरा होतोय. सिव्हिलमध्ये ड्रेसिंग चालू आहे, डॉक्टर म्हणाले जखम भरेल, पण बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते आत्ता सांगता येत नाही. भाकरी माझ्याकडे आली आहे, आणि ती कशी होते यावर शेजारपाजारही बोलायला लागलाय. आईंनी मला बजावलंय, "सुकीला हाताचं कळवायचं न्हाय. हात बगाय म्हणून यायला नगं ती." मी हो म्हटलं आणि लिहितेय. माझ्यावर रागवायचं तर त्यांनी रागवावं.

ड्रेसिंग करून आणल्यावर मी विचारलं होतं, बाटलीला धागा कशाला बांधायचा, आई? म्हणाल्या, "दसऱ्याला लेक-जावयाला ववाळायचं आसतंय. दार मीच लावून बसले. मग कुणाला ववाळू? त्यांच्या हातची येवडीच वस्तू हुती की." आणि रडल्या. मीही रडले. संस्कृतीने येऊन दोघींना पाणी दिलं.

ती बाटली आता घरात आहे, ताई. फाटकात नाही, गाडीत नाही. देव्हाऱ्याशेजारी पाटावर ठेवलीय. हे म्हणाले, नव्या पेठेजवळ कुणीतरी भरून देतं, मी उद्याच नेतो. आई म्हणाल्या, हात लावायचा नाही. "ज्यांनी दिली त्यांनीच भरायची."

काल आईंनी मला नव्या पेठेत पाठवलं. दसऱ्याचा धागा आणायला, पण लाल-पिवळा नको म्हणाल्या. "त्यांच्यात पांढरा बांधत्यात म्हणं. पांढरा आण." मी विचारलं, बाटलीला ना? तर माझ्याकडे असं बघितलं, की मीच मूर्ख. म्हणाल्या, "बाटलीला कशाला? मनगट आलं तर मनगटाला." हा धागा कुणी बांधायचा असतो, कधी बांधायचा असतो, आम्हाला दोघींना काही माहीत नाही. चुकत असेल तर दाजींना हसू द्या आणि शिकवू द्या. त्यांनी एकदा सांगितलेलं या घरात कुणीतरी नीट ऐकतं, हे आता सिद्ध झालंय.

दसऱ्याला दाजी नागपूरला असतात हे मला ठाऊक आहे. आधी या, नंतर या, पण दोघं या. हात बघायला म्हणून येऊ नका, तेवढं आईंचं ऐका. बाटली भरायला म्हणून या. गाठ मारताना आईंचा उजवा हात चालणार नाही, तेव्हा धाग्याचं दुसरं टोक तुम्हाला धरावं लागेल.

काटा सध्या लालात आहे. वाट बघतेय.

तुमची,
आरोही