माझं पिंप, साडूचं पिंप

२ मार्च
साडूकडे जाऊन आलो. जायचं नव्हतं, बायकोने नेलं. त्याने म्हणे बांधावरचं तण आणि काटेरी झुडपांचा पाला तोडून शेळ्यांसाठी मुरघास केलाय. कुट्टी करायची, गुळाचं पाणी शिंपडायचं, पिंपात तुडवून भरायची, झाकण लावायचं. आंबली की शेळ्यांपुढे टाकायची. झालं! यात कसली आलीय अक्कल? चारा महाग झाला म्हणून रानातला पाला आंबवतो, आणि बायको अशी बघत होती की जणू त्याने विमान बनवलंय. शेळ्या गुबगुबीत आहेत. आधीपासूनच असतील.

३ मार्च, सकाळ
जनावरांच्या डॉक्टरांना महिनाअखेर सगळ्या शेळीवाल्यांना मुरघास दाखवायचाय. साडूचा गोठा ठरत होता. मी म्हटलं, माझा मुरघास त्याच्याहून सरस आहे. (अजून केलेला नाही. किरकोळ बाब.) डॉक्टर म्हणाले, मग तुमच्याकडेच ठेवू.

५ मार्च
पाला तोडला. हाताची चाळण. साडूपेक्षा मोठं पिंप आणलं, भरलं. तो बघायला आला आणि म्हणाला, दादा, तीन आठवडे झाकण उघडू नका, हवा लागली की बुरशी धरते. वयाने लहान, आणि मला शिकवतो!

६ मार्च
झाकण उघडलं. फक्त वास घेतला. त्याच्यापेक्षा चांगला येतोय की नाही, हे कळायला नको?

९ मार्च
रोज उघडतो. जातीने लक्ष घालणं म्हणतात ते हेच. साडू आपल्या पिंपाकडे ढुंकूनही बघत नाही. निष्काळजी माणूस.

१४ मार्च
वर पांढरी लव आलीय. ताकद असणार. आंबलं म्हणायला हरकत नाही. बायकोला म्हटलं, आजपासून संध्याकाळी हेच घाल, माझी पाठ धरलीय. तिने पिंपात डोकावून बघितलं आणि बरं म्हणाली. लग्नापासून ती इतक्या लवकर कधी बरं म्हणालेली नाही.

२० मार्च
दूध वाढलं! ढवळी शेळीने तर कमालच केली. साडूला मुद्दाम फोन लावला. छान झालं, म्हणाला. एवढंच. जळून खाक झाला असणार. मला फार म्हणजे फारच बरं वाटलं.

२५ मार्च
आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस. साडूचा उल्लेख एकदाच, तोही 'काही होतकरू मंडळी' असा. बायकोला म्हटलं, तुझ्या धाकट्या बहिणीला आणि तिच्या नवऱ्याला पुढच्या रांगेत बसव. ती काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, भाषणानंतर.

३१ मार्च
डॉक्टरांनी माझं पिंप उघडलं आणि रुमाल नाकाला लावला. आत काळं-हिरवं. पुढची रांग मागे सरकली. डॉक्टर म्हणाले, हे खाल्लं तर शेळ्या आजारी पडतील, मग तुमचं दूध वाढलं कशावर?

मी बायकोकडे बघितलं. तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की भाऊजींकडून रोज एक पाटी मागच्या दाराने येते आणि आमचं खड्ड्यात जातं. यांच्या हट्टापायी मुक्या जनावरांना काय मारू का, म्हणाली. लोक हसले.

मग साडू माझ्या गोठ्यात उभा राहून बोलला. चांगला बोलला, हेच तर दुखणं. वाकडा शब्द नाही. उलट म्हणाला, दादांनी रोज उघडून बघितलं म्हणून आज सगळ्यांना कळलं, काय करायचं नाही ते. टाळ्या पडल्या. त्याला की मला, विचारायचं धाडस झालं नाही. तो बोलत असताना ढवळी त्याची बाही चाटत होती. पिल्लू होती तेव्हापासून मी तिला वाढवलंय, माझी बाही तिने एकदाही चाटलेली नाही. माझा असा जळफळाट झाला की डोळ्यांत पाणी आलं. धुराने आलं असेल. धूर कुठेच नव्हता.

सगळे गेल्यावर पाटीत साडूचा मुरघास उरला होता. इकडेतिकडे बघून मूठभर घेतला, बाहीला चोळला आणि ढवळीसमोर जाऊन उभा राहिलो.

चाटली. बराच वेळ चाटत होती. मी हललो नाही.