कॉर्ड ओळखणारा कान

अण्णा, तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी लिहितेय ते भांडायलाच. पुण्यात मी एक प्रोग्राम तयार केलाय. कुठलंही गाणं ऐकवा, कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, कुठं बदलली, मेजर की मायनर, सगळं तो लिहून देतो. तुमच्या बिनकानाच्या लेकीनं केलाय बरं का.

त्या दुष्काळात आपल्या पाली गावची जनावरं चारा छावणीत गेलेली, दूध सोसायटीत कॅन पालथे पडलेले. तुमचं दूध मोजायचं काम बंद, लग्नं पुढं ढकललेली म्हणून तुमच्या बँडलाही सुपारी नाही. मग सोसायटीच्या रिकाम्या खोलीत तुम्ही कीबोर्ड मांडता आणि आम्हा दोघांना भिंतीकडं तोंड करून बसवता. एक मी, दुसरा तो मेंढरंवाल्यांच्या घरचा पोरगा. तुम्ही तीन पट्ट्या एकदम दाबता. मी मनातल्या मनात सूर जुळवत बसते, तोवर तो सांगून मोकळा, "मायनर हाय, काका." दर वेळी बरोबर. एकदा मी रडकुंडीला येऊन विचारलं, "ह्यालाच कावून कळतं?" तुम्ही म्हणालात, "तुझं पाठांतर लई चांगलं हाय, पोरी. पण कान न्हाई." आणि पुढच्याच आठवड्यात कीबोर्ड त्याला देऊन टाकलात, माझ्यादेखत. त्या दिवशी मी जेवले नाही. आईला पोट दुखतंय म्हणून सांगितलं. जळत होते अण्णा, अजून जळते.

आता खरं सांगते. प्रोग्रामला आपसूक काही येत नसतं. आधी कुणीतरी ढीगभर गाणी ऐकून प्रत्येक कॉर्ड हातानं लिहून द्यावी लागते, ती उत्तरं बघून तो शिकतो. मी लिहायला बसले आणि चुकतच गेले. शेवटी मांजरसुंब्याला त्या मेंढरंवाल्यांच्या पोराच्या पंक्चरच्या दुकानात गेले. नाक मुठीत धरून गेले. तो ट्यूब पाण्यात बुडवत म्हणाला, "आण की ताई. काकांचंच काम हाय." कित्येक महिने टायर काढता काढता तो सांगत राहिला, मी लिहून घेत राहिले. एकदाही अडखळला नाही मेला.

हे पत्र खरं तर त्याच्या हातात द्यायला हवं. देणार नाही. परवा ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, इतक्या अचूक कॉर्ड कुणी ओळखल्या? मी म्हणाले, "मीच. आमच्याकडं कान वडिलांकडून आलाय."