घरामागचा पोहण्याचा हौद

माय,

परवा अमरावतीहून धाकट्याचं पत्र आलं. राजापेठेतल्या घरामागच्या हौदाचा गिलावा सुटला आहे, एका कोपऱ्यातून पाणी झिरपतं, आणि त्याची मुलं रोज त्यात उतरायचा हट्ट धरतात. तो विचारतो, दुरुस्त करू की बुजवून त्या जागी संत्र्याची दोन झाडं लावू? खाली आणखी एक ओळ होती. भरवस्तीत, घराच्या मागं, एवढा मोठा हौद बाबांनी कशासाठी बांधला म्हणून. त्याला कुठून ठाऊक असणार. हौद झाला तेव्हा तो जन्मलेला नव्हता आणि तू गेलीस तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा होता. आज रविवार, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी, म्हणून इथं अकोल्यात खिडकीशी बसून त्याला उत्तर लिहायला घेतलं, आणि त्याचं नाव लिहायच्या जागी 'माय' असं लिहून गेले. मग म्हटलं, राहू दे. त्याला दुसऱ्या कागदावर लिहीन.

मी आठ वर्षांची होते. पंधरा दिवस ताप होता, तो उतरला, पण डावा पाय माझा राहिला नाही. बाबा कोर्टात निघताना मला उचलून ओसरीवर बसवायचे आणि संध्याकाळी आले की उचलून आत न्यायचे. वकिलीचे कागद एका हातात आणि मी दुसऱ्या. तुम्ही दोघांनी मला टांग्यातून दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून, वाकवून पाहिला. त्या म्हणाल्या, औषधानं होणार नाही, पण पाण्यात माणसाचं वजन हलकं होतं, तिथं हिला रोज हातपाय हलवू द्या, आणि त्याआधी गरम पाण्यात शेक द्या. बाबांनी विचारलं, किती दिवस. बाई म्हणाल्या, वर्षं म्हणा. टांग्यातून परत निघालो. नदीवर रोज नेणं होणार नव्हतं, उन्हाळ्यात तर नदीला पाणीच नसायचं. घर आलं तसं तू म्हणालीस, "मंग घरीच बांधा नं हौद." पोळ्या लाटायच्या आहेत असं सांगावं, तशा आवाजात.

अकोल्याहून मिस्त्री आणला. इथल्या कापसाच्या जिनांमध्ये पाण्याच्या टाक्या बांधून त्याचा हात बसला होता. पण त्याच्या आधी बाबांनी अमरावतीतल्याच गवंड्याकडून एक हौद बांधून घेतला होता, हे धाकट्याला लिहिलं पाहिजे. तो पहिला हौद एका पावसाळ्यात मधोमध तडकला. अकोल्याच्या मिस्त्रीनं ती फट पाहिली, बोटानं माती उकरली आणि बाबांना म्हणाला, "वकीलसाहेब, हे काळी माती पावसात फुगते अन् उन्हात फाटते. हिच्यावर भिंत ठेवसान त हे भिंत तोडून टाकन." मुरूम लागेपर्यंत तो खणत गेला. दोन पुरुष खोल. आत्याबाई ओसरीवरून म्हणत होत्या, की पोरीच्या पायासाठी घर खाली बसवता की काय. मागच्या अंगणात चुन्याची घाणी बसली, वलगावच्या शेतावरची बैलजोडी तिच्याभोवती फिरायची, आणि तू चुन्यात घालायला गूळ आणि बेलफळाचा गर मोजून द्यायचीस. मी बाजेवर बसून बघते आहे, माझ्या मांडीवर बेलफळं आहेत, तू म्हणतेस फोड एकेक, हात तं चांगले आहेत तुहे. मी फोडते. त्या दिवसांत मला कोणी काम सांगायचं नाही. तू सोडून.

मोठ्या हौदाला लागून मिस्त्रीनं एक छोटा हौद काढला, माणूस गळ्यापर्यंत बसेल एवढा. त्याच्या शेजारी भट्टी, भट्टीवर तांब्याचा मोठा हंडा. सकाळी तू कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या लावून हंडा तापवायचीस, पाण्यात निरगुडीचा पाला टाकायचीस आणि मला त्यात बसवून घटकाभर पाय चोळायचीस. त्या वासानं अजून माझा पाय सैल होतो. मोठा हौद मोटेच्या पाण्यानं भरायला दोन दिवस लागले. आडोशाला सगळीकडून तुऱ्हाट्यांचा, तुरीच्या काड्यांचा, कूड घातला. सगळं झालं, आणि मग लक्षात आलं की शिकवणार कोण.

बाबांना पोहता येत नव्हतं. त्यांनी तालमीतल्या म्हाताऱ्या वस्तादांना विचारलं, ते आनंदानं आलेसुद्धा, पण आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. नऊ वर्षांची पोर परक्या पुरुषाच्या हातात पाण्यात द्यायची नाही, नाहीतर मी भावाच्या घरचं अन्न सोडते, म्हणाल्या. वस्ताद परत गेले. बाबा हौदाच्या काठावर बसून राहिले, कोर्टाची वेळ झाली तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू लुगड्याचा काष्टा घट्ट खोवलास, अंबाड्यावर फडकं बांधलंस, आणि पायऱ्यांवरून न उतरता काठावरून सरळ उडी मारलीस. मी किंचाळले. बाबा आतून धावत आले. तोवर तू दुसऱ्या टोकाला पोचली होतीस आणि डोळ्यांवरचं पाणी पुसत होतीस. बाबा म्हणाले, "तुला येतं?" तू म्हणालीस, "पूर्णाकाठची पोरगी आहो मी. येते म्हणजे काय." लग्नाआधी, अकरा वर्षांची होईपर्यंत तू नदी पार करायचीस, हे त्या घरात वीस वर्षं कोणाला माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. आत्याबाई महिनाभर तुझ्या हातचं जेवल्या नाहीत, आपली चूल वेगळी मांडून बसल्या. तू रोज त्यांच्यासाठी सरपण आणि पाणी ठेवत राहिलीस, आणि रोज सकाळी माझ्यासोबत हौदात उतरत राहिलीस.

मी काही चांगली शिकणारी नव्हते. मी काठाची दगडी कड धरून ठेवायचे आणि सोडायचे नाही. तीन आठवडे झाले, चार झाले. एक दिवस मी म्हटलं, मला नाही शिकायचं, मी लंगडीच राहीन. तू माझ्यापासून दोन हातांवर उभी होतीस. तुझा तो चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. "लंगडी राह्यची असन त राह्य," तू म्हणालीस, "मी जन्मभर उचलीन तुले. पण भेकड राहू नको. भेकड पोरगी मले नाही पाहिजे." आणि तू पाठ फिरवलीस. मी रडत होते, ओरडत होते, तू वळली नाहीस. शेवटी रागानंच मी कड सोडली. नाकातोंडात पाणी गेलं, उजव्या पायानं झोडलं, आणि तुझ्या पाठीवर जाऊन आदळले. तू हसायला लागलीस. मी तुझ्या गळ्याला लटकलेली, तू पाठीवर घेऊन मला हौदभर फिरवते आहेस, आणि डावा पाय पाण्यात, माझ्या नकळत, थोडा हलतो आहे. ते तुलाच आधी कळलं. तू एकदम थांबलीस आणि बाबांना हाक मारलीस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसं वर्षांचंच काम झालं. दोन वर्षांनी मी काठी घेऊन गल्ली ओलांडली, तिसऱ्या वर्षी काठी टेकत शाळेत गेले. पाय कधी पूर्ण आला नाही, आजही फळ्यापुढं उभी राहताना मी भार उजव्यावर देते. पण मी उभी राहते, माय. वर्गातल्या मुली उभ्या राहतात आणि मीही. माझा पगार, माझी खोली, हे इथलं एकटीचं पण माझं असं जगणं, हे सगळं त्या मुरमापर्यंत खणलेल्या खड्ड्यातून आलं आहे. बाबांचे उपकार लोक बोलतात, वकीलसाहेबांनी मुलीसाठी केवढं केलं म्हणतात, आणि खरंच केलं त्यांनी. पण पाण्यात तू होतीस. आत्याबाईसुद्धा शेवटी शेवटी गुडघे दुखतात म्हणून निरगुडीच्या गरम पाण्यात येऊन बसायला लागल्या, आणि तू त्यांचेही पाय चोळलेस. मागचं एक अक्षर काढलं नाहीस.

धाकट्याला मी लिहिणार आहे, हौद बुजवू नको. गिलावा सिमेंटचा नको, चुन्याचा कर, आणि मुलांना पोहायला शिकव. मुलीला आधी.

त्याला जे लिहिणार नाही ते इथं लिहिते. मी बारा वर्षांची झाले तेव्हा एका सकाळी तुला म्हटलं, आता मला एकटीला येतं, तू नको उतरू. तू माझ्याकडं पाहिलंस, बरं म्हणालीस, आणि त्यानंतर कधी पाण्यात गेली नाहीस. काठावर पाय जवळ घेऊन बसायचीस. येईल त्याला सांगायचीस, की माही पोरगी आता एकटी पोहते, तिले कोणाची गरज नाही. इतक्या कौतुकानं सांगायचीस की मला दुसरीकडं बघावं लागायचं. त्या सकाळच्या आदल्या दिवशी शाळेतल्या दोन मुली पुस्तक मागायला मागच्या दारानं आल्या होत्या. तू ओल्या लुगड्यात, केस सुटलेले, पाण्यावर उताणी पडून डोळे मिटून तरंगत होतीस. शाळेत त्या हसल्या, म्हणाल्या, वकिलीणबाई म्हशीवानी पाण्यात पडून राहते. मला तुझी लाज वाटली, माय, म्हणून मी तसं म्हटलं. तुला पाणी किती आवडतं, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.