रेलिक्ट म्हणजे

चैत्र वद्य ९, शके १८०८. ठाणे.

अण्णांनी सहीला कागद पुढे केला. एडनहून आलेला, इंग्रजी. "तुझ्या यजमानांची बदली झाली. पेटी इकडे पाठवताहेत, पोचपावतीवर सही कर." सतरा वर्षांत पहिलाच कागद!

माझ्या नावापुढे एक शब्द, मग ह्यांचं नाव. रेलिक्ट.

"म्हणजे काय, अण्णा?"

"अगं, बायको. कचेरीची भाषा ती."

पण बायकोचा इंग्रजी शब्द मला येतो. ह्यांनीच शिकवला होता, पलटणीबरोबर जाण्याआधी. सही केली. शाई वाळेपर्यंत ह्यांचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं.

वद्य १०

शेजारच्या गोदूबाई चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं सांगून गेल्या. "तृतीयेला नक्की ये, उत्तरे! नवरा सातासमुद्रापार का असेना, तू सवाष्णच ना?" वहिनी एकदम उठून आत गेली.

वद्य १२

अण्णा कचेरीत गेल्यावर त्यांचा जाड कोश काढला. एकेक अक्षर लावत बसले.

रेलिक्ट — विडो.

हा शब्द येतो मला. ह्यांनी शिकवलेल्या पहिल्या पुस्तकात एक गरीब विडो होती. विधवा.

खाली शब्दाचं मूळ दिलंय. लॅटिन. मागे सोडलेली.

मुळाप्रमाणे तर मी सतरा वर्षं हीच आहे! अर्थ तेवढा आत्ता पोचला.

विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. वहिनी म्हणाली, "पुन्हा न्हालात?" म्हटलं, "उकडतंय फार."

वद्य १३

रडू येत नाही. चेहराच नीट आठवत नाही. बोट आठवतं — ओळीखालून सरकणारं.

अण्णा खोटं का बोलले ते कळतंय. कल्याणला सासरी कळलं, तर दीर न्हाव्यालाच घेऊन येतील. आज किती तरी वेळ केस विंचरले.

बोलले तर केस जातील. गप्प राहिले तर ह्यांच्या नावानं कुणी पाणीही सोडणार नाही. तिकडे परमुलखात कुणी सोडलं असेल?

अमावास्या

कुणाशी बोलू?

वैशाख शुद्ध २

जेवताना अण्णांनी विचारलं, "कोश कुणी काढला होता?"

"मी."

"सापडला शब्द?"

"नाही."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग खाली मान घालून म्हणाले, "उद्या नाशिकला जाऊन येतो. गोदेवर थोडं काम आहे."

म्हटलं, "काळे तीळ वरच्या डब्यात आहेत. घेऊन जा."